तलाव राखायचा तर काठ राखा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षेप)



जानेवारी 2025 मध्ये आपल्या इंदूरला आणि उदयपूरला रामसर कराराखाली ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळाली. भारतात हा मान प्रथमच आला. स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचं कौतुक आपण घरोघरी केलं; या मानाची मात्र फारशी चर्चा झाली नाही. ती आज करू या.

सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला, 161 हेक्टरांचा. यशवंतसागर गंभीर नदीवरचा, सुमारे 823 हेक्टरांचा, सारसांचं हक्काचं ठिकाण. दोन्ही 2022 साली रामसर यादीत आले. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचं शहर तलावांच्या पाण्यावर जगलं. मग 1970 च्या दशकात सुमारे 70 किलोमीटरांवरच्या जलूदहून नर्मदा आली. नळाला पाणी आलं आणि तलावांकडे आमची पाठ फिरली. सिरपूरकडे काहींनी मात्र पाठ फिरवली नाही. आपल्यातलेच छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी त्यासाठी वर्षानुवर्षं झटले.

तलाव वाचवायचा म्हणजे काय करायचं? आम्हालाही आधी वाटे, दगडी घाट, फरसबंद वाट, दिवे आणि नौका केल्या की झालं. पण तलावाचा जीव उथळ काठात असतो. शेकाट्या, तुतवार तिथल्या चिखलात चरतात. हळदीकुंकू बदक काठच्या गवतात घरटं करतं. तेच गवत वाहून आलेला गाळ अडवतं. काठ दगडांनी बांधला की हे सगळं संपतं. तलाव मग नुसता हौद उरतो. नाल्याचं सांडपाणी आत आलं तर जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

कायदा आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनुसार रामसर स्थळी अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं यांना बंदी आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरांत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण ही रेषा जागेवर खुणा रोवून दिसली नाही, तर नियम कागदावरच राहतो. आणि पाणी येतं ते या रेषेच्या पलीकडून, ओढ्यानाल्यांतून. तिथली वसाहत, तिथलं ड्रेनेज हा महापालिकेचा रोजचा कारभार. म्हणून तलावाचं भवितव्य उद्यान विभागापेक्षा ड्रेनेजच्या आणि नकाशे मंजूर करणाऱ्या टेबलांवर जास्त ठरतं.

पाणथळ शहराची मान्यता कायमची नसते. सहा वर्षांनी पुन्हा तपासणी होते. तोवर नगरसेवकाला आपण दोन प्रश्न विचारत राहू: तलावाची हद्द जागेवर आखली का? आणि कोणत्या नाल्याचं पाणी प्रक्रियेविना आत येतं?

पण दुसऱ्याला विचारण्याआधी आपलं घर पाहू. प्लास्टरची मूर्ती आणि निर्माल्याची पिशवी आपणच तलावात सोडत आलो. यंदा मूर्ती शाडूची आणू, विसर्जन घरच्या बादलीत करू, ती माती आणि निर्माल्य बागेत घालू. बाप्पाला आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. थंडीत दुरून येणाऱ्या पाखरांनाही तसं म्हणता यावं, एवढा काठ आपण शिल्लक ठेवू या.