इंजिनिअरिंगला मूल घालण्यापूर्वी

(कल्याण तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला भात लागवडीच्या सुधारित तंत्रावर बोलायचे आहे आणि ते मी बोलणारच आहे. परंतु त्याआधी थोडा वेळ एका वेगळ्या विषयासाठी मागून घेते. गेल्या वर्षी याच सुमारास मी चारसूत्री भातशेतीची माहिती दिली होती. दर चार चुडांच्या मधोमध एक युरिया-डीएपी ब्रिकेट खोचायची, गुंठ्याला ६२५, म्हणजे हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट लागतात, हे सर्व सांगून झाले. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला हात वर झाला तो असा : "मॅडम, मुलाला बारावीला ६४ टक्के आहेत, कॉम्प्युटरला डोनेशन किती पडेल?" दुसऱ्या एका काकांनी विचारले, "रस्त्याकडचे दहा गुंठे काढले तर चार वर्षांचे भागेल का?" ब्रिकेटबद्दल कोणी काही विचारले नाही.

मी कृषिविद्या शिकवते, अभियांत्रिकी नव्हे. त्या दिवशी मी काहीतरी मोघम उत्तर दिले आणि घरी जाताना मलाच ते टोचत राहिले. कारण रस्त्याकडचे गुंठे विकून इंजिनिअर करणे ही गोष्ट मी आमच्याच घरात पाहिली आहे.

आपल्या या पट्ट्यात इंजिनिअर शब्दाला मान आहे आणि तो उगाच नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. पुढे डोंबिवली, अंबरनाथ येथेही वसाहती झाल्या. शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याची एनआरसी यांत आपल्या गावांतील माणसे कामाला लागली. तेथे खात्याचा साहेब म्हणजे इंजिनिअर, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपला मुलगा तसा व्हावा असे त्यांना वाटले, यात नवल नाही. तेव्हा मुंबईत १८८७ सालापासूनची व्हीजेटीआय आणि आणखी दोन-चार संस्था, एवढ्याच जागा होत्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि हळूहळू डोंबिवली, ठाणे, आसनगावपर्यंत महाविद्यालये आली. जागा दाराशी आली, तिची किंमत मात्र गुंठ्यांत मोजली जाऊ लागली.

दरम्यान ते कारखाने बदलले. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. वागळे इस्टेटमधील कितीतरी शेड पाडून तेथे काचेची कार्यालये उभी राहिली. आपल्या मनातला इंजिनिअर मात्र अजून भोंगा वाजणाऱ्या कारखान्यातच उभा आहे.

आमच्या घरची गोष्ट

आमचे गाव मुरबाड तालुक्यात. दोन एकर भाताची खाचरे आणि एक एकर वरकस. माझा मोठा भाऊ तेरा वर्षांचा असताना त्याने ओढ्यावरचे डिझेल इंजिन उघडून गोणपाटावर सुटे केले होते. बाबांनी आधी त्याला मारले. संध्याकाळी इंजिन सुरू झाल्यावर शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलेही. २००४ साली तो बारावी झाला, गणितात जेमतेम. एका मध्यस्थाने सांगितले की अमुक महाविद्यालयात 'इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन'ला एक जागा आहे, मोबाइलचा जमाना आहे, पण आठ दिवसांत रोख लागेल. रस्त्याला लागून असलेले चौदा गुंठ्यांचे खाचर गेले. त्यात पाणी सर्वांत जास्त दिवस टिकायचे. आम्ही तेथे जया लावत असू, पाच-साडेपाच क्विंटल भात घरात यायचे.

दादा पहाटे एसटीने कल्याणला येई, तेथून लोकल, पुन्हा बस. जाऊन-येऊन पाच तास. पहिल्याच वर्षी तीन विषयांत केटी लागली. गणिताचा तिसरा पेपर त्याने चार वेळा दिला. ज्या मुलाला पाना आणि पिस्टन कळत होता, त्याला न दिसणाऱ्या लहरींची समीकरणे सोडवायला बसवले होते. चार वर्षांची पदवी सहा वर्षांनी हातात आली आणि पहिली नोकरी लागली ती ऐरोलीला, फोनवर ग्राहकांच्या तक्रारी घेण्याची. पगार आठ हजार.

मला शेतीला घातले ते फी कमी म्हणून. मुलीसाठी शेत विकावे असे कोणाच्या मनातही आले नाही, आणि खरे सांगते, त्यात माझा फायदाच झाला.

आज दादाचे बरे चालले आहे. तो भिवंडीच्या गोदामांत माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांची देखभाल करतो, हाताखाली सहा माणसे आहेत. हे काम तो पदवीत शिकला नाही. नोकरी सांभाळून, वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून शिकला. दहावीनंतर तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला असता तर येथे तो सात-आठ वर्षे आधी पोचला असता, असे तो स्वतःच म्हणतो. बाबांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना विचारायला माणूस नव्हता. शासकीय तंत्रनिकेतन नावाची गोष्ट असते हे आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हते. त्या चौदा गुंठ्यांवर आता ढाबा आहे.

शेत पाहून वाण

बंधूंनो, तुम्ही उथळ, उताराच्या जमिनीत गरवे भात लावता का? तेथे कर्जत-३ सारखे हळवे वाण लावता, पाऊस उघडण्याच्या आत ते हाती येते. मध्यम जमिनीत जयासारखे निमगरवे. सखल, पाणी धरणाऱ्या खाचरातच कर्जत-२ सारखे गरवे. हळवे म्हणजे हलके असे कोणी मानत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण सगळ्या शेतात गरवेच लावतो.

आयटीआय हे एक-दोन वर्षांचे, डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, पदवी बारावीनंतर चार वर्षांची. यातील एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा झालेल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, सीईटी नाही. पदवीसाठी एमएचटी-सीईटी असते. तिच्यात २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. म्हणून मुलाचे गणित कसे आहे, हा प्रश्न शाखा कोणती या प्रश्नाच्या आधी विचारावा. दहावीचे टक्के पाहून ते कळत नाही. त्याच्या शिक्षकांना भेटून विचारावे.

शाखेविषयी एकच सांगते. गेल्या वर्षी भेंडीला भाव मिळाला म्हणून यंदा मुरबाड-शहापुरात सगळ्यांनी भेंडी लावली की काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. भेंडी दीड महिन्यात तोडणीला येते. इंजिनिअर चार वर्षांनी बाजारात येतो, आणि प्रवेश घेताना आपण आजचा भाव पाहतो. माझ्या भावाच्या वेळी टेलिकम्युनिकेशन होते, आज कॉम्प्युटर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. ज्याला त्यात खरी गोडी आहे त्याने जरूर जावे, ठाणे-ऐरोली पट्ट्यात त्याला कामही आहे. ज्याला नाही, त्याने केवळ शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून जाऊ नये. स्थापत्य शाखेला काही वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हते. पण आपल्याच शहापूर-भिवंडीतून समृद्धी महामार्ग गेला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर रस्ता पूर्ण झाला. मोबदल्याचे पैसे आपल्याकडे आले, मोजणीची दुर्बीण घेऊन बांधावर उभी असलेली मुले मात्र आपल्या गावची क्वचितच होती.

शेताला धरून यंत्र

आता माझ्या जवळच्या शाखेकडे वळते, ती म्हणजे कृषी अभियांत्रिकी. ही बी.एस्सी. कृषीहून वेगळी पदवी आहे. बी.टेक.ची चार वर्षे, गणित-भौतिकशास्त्र आवश्यक आणि प्रवेश एमएचटी-सीईटीनेच. आपल्या कोकणासाठी दापोलीला महाविद्यालय आहे, त्याशिवाय राहुरी, अकोला आणि परभणी येथेही. खरगपूरच्या आयआयटीत तर हा विषय १९५२ पासून शिकवला जातो. शेतीची यंत्रे, मृद व जलसंधारण, सिंचन, काढणीनंतरची प्रक्रिया, अपारंपरिक ऊर्जा, असा अभ्यास असतो.

पालक म्हणतात, "इंजिनिअर होऊन पुन्हा शेतीच?" मी त्यांना विचारते, तुमच्या घरात दातेरी वैभव विळा आहे ना? त्याने कापणी करताना मनगट कमी दुखते हे बायकांना विचारा. आंबा देठासकट उतरवणारा नूतन झेला पाहिला असेल. ओढ्यातलेच दगड रचून, आत प्लॅस्टिक अंथरून बांधलेला कोकण विजय बंधारा काहींनी केलाही असेल. हे सर्व दापोली विद्यापीठातून आले. मागच्या वर्षी मी सांगितलेली ब्रिकेटसुद्धा यंत्राशिवाय तयार होत नाही. तिच्यामागे कोणीतरी बसून दाब किती द्यावा म्हणजे गोळी पाण्यात लगेच विरघळणार नाही, याचा विचार केलेला आहे.

आणि काम संपलेले नाही. लावणीला मजूर मिळत नाही ही आज तुमची पहिली तक्रार आहे. भिवंडीच्या गोदामात सावलीत रोज मिळतो, मग चिखलात कोण येईल? लावणीयंत्र बाजारात आहे. पण त्यासाठी चटई रोपवाटिका हवी, आणि आपली खाचरे तीन-तीन गुंठ्यांची, एकाखाली एक उतरत गेलेली. यंत्र वळवायला जागा नाही, एका खाचरातून दुसऱ्यात उतरवायला चार माणसे लागतात. सपाट प्रदेशातील कारखान्याने आपल्या उतरत्या खाचराचा विचार का करावा? तो त्याच मुलाला किंवा मुलीला सुचेल, जिचे पाय या चिखलात भरलेले आहेत.

या शाखेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्याएवढा सहसा नसतो. सरकारी जागा थोड्या, आणि लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेच्या अभ्यासक्रमात आपल्या विषयाचे वजन घटवले म्हणून २०२३ साली या शाखेच्या विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले होते. त्यामुळे केवळ सरकारी नोकरी डोळ्यासमोर ठेवून येऊ नये. ट्रॅक्टर व अवजारांचे कारखाने, ठिबक सिंचन, अन्नप्रक्रिया, शीतगृहे, बँकांतील कृषी अधिकारी, 'गेट' देऊन पुढचे शिक्षण, या वाटा आहेत. गावात भाड्याने यंत्रे पुरवण्याचा धंदा तर अगदी मोकळा पडला आहे.

पैशांचा हिशेब

डोनेशन हा शब्द आपण सहज वापरतो. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने अशी देणगी घेणे गुन्हा आहे. माझ्या भावाच्या वेळीही होता, आम्हाला माहीत नव्हते. प्रत्येक खासगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती जाहीर असते. मध्यस्थाने सांगितलेला आकडा त्या यादीशी ताडून पाहावा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

सवलती बहुतेक सर्व केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून आलेल्यांना असतात. संस्थास्तरावर प्रवेश घेतला की त्या गेल्या. ही गोष्ट अनेकांना पैसे भरून झाल्यावर कळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. याच उत्पन्न मर्यादेत मुलींची शिक्षण व परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याला सातबारा आणि अल्पभूधारक दाखला लागतो. तरीही कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी योजनेत तारण मागितले जात नाही. कर्ज मुलगा नोकरी लागल्यावर फेडतो, विकलेला गुंठा परत घेता येत नाही.

महाविद्यालय निवडताना स्वतः जाऊन यावे. जाहिरातीतील इमारत पाहू नये, वर्कशॉप उघडायला सांगावे आणि यंत्रांवर धूळ आहे की तेल ते पाहावे. शेवटच्या वर्षातील दोन मुलांना फाटकाबाहेर चहाला बोलावून विचारावे, नोकरी लागली म्हणजे कोणत्या कामाची लागली, आणि पहिल्या वर्षी केटी किती जणांना लागते.

एक सूचना तातडीची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता, अल्पभूधारक दाखला, ही कागदपत्रे मृगाच्या आधी काढून ठेवावीत. जूनमध्ये एकीकडे राब पेरायचा असतो आणि दुसरीकडे तहसील कचेरीत रांग लागलेली असते, आणि त्या गडबडीत एखादी फेरी हुकते. वैधतेला वेळ लागतो, तो अर्ज मूल अकरावीत असतानाच करावा.

मागच्या रांगेतून खोडकिडीबद्दल एक चिठ्ठी आलेली आहे. आता भाताकडे वळू.