पडद्यामागील ध्वनिसाधक
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंतांचे कौतुक करण्याची आपल्या समाजाची प्रथा जुनी आहे. कोणी वैद्यकीय परीक्षेत यश मिळविले, कोणी सनदी लेखापाल झाला, की आपण त्यास शाल व श्रीफळ देतो. आज ज्या तरुणास निरोप द्यावयाचा आहे, त्याचा व्यवसाय मात्र आपल्यापैकी पुष्कळांस नीटसा ठाऊक नाही. तो ध्वनिमुद्रक आहे. हल्लीच्या भाषेत साउंड इंजिनिअर. आपल्या तुळिंजचाच हा मुलगा. "गुरुजी, माझे नाव घेऊ नका. श्रोत्यांना आमची आठवण झाली, म्हणजे आमचे काही तरी बिघडले असे आम्ही समजतो," असे त्याने मला बजावले आहे. त्याची इच्छा मी पाळणार आहे; परंतु त्याच्या विद्येचे मर्म त्या वाक्यात आहे, म्हणून त्यावरच चार शब्द बोलतो.

त्याचे वडील मुंबईच्या एका खासगी कचेरीत कारकून. मुलाने पदवी घ्यावी, बँकेत नोकरी धरावी, ही त्यांची इच्छा. आणि ती गैर नव्हती. भाड्याच्या खोलीत संसार केलेल्या माणसास पहिल्या तारखेचे मोल कळते. मुलाचे चित्त मात्र गणेशोत्सवाच्या मंडपातील तारांत आणि ध्वनिक्षेपकांत गुंतलेले. पुढे त्याने या विद्येचा रीतसर अभ्यासक्रम केला, त्याच्या शुल्कासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. आपल्या शिक्षणनिधीकडे त्याने अर्ज केला होता. परंतु नियमांतील यादीत हा विषय नसल्यामुळे तो परत आला. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येईन.

हा व्यवसाय उपरा नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला आणि हिंदी चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली ती विष्णुपंत दामले यांनी. दामले मूळचे पेणचे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. त्या काळी नट गाणे गाई ते कॅमेऱ्यासमोर, चित्रण चालू असतानाच; साथीचे वादक चित्रचौकटीबाहेर दडून बसत. अशा अडचणीतून शब्द न् शब्द स्वच्छ टिपणे हे सोपे काम नव्हे. याच दामल्यांनी फत्तेलालांसमवेत १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्राचा गौरव झाला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस घरोघरी ठाऊक झाले. दामल्यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

पुण्यास प्रभातची वास्तू जेथे होती, तेथेच १९६० साली सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था स्थापन झाली. तेथे ध्वनिविद्या शिकलेले रसूल पूकुट्टी हे केरळातील एका बसवाहकाचे चिरंजीव. २००९ साली ऑस्कर पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. सामान्य घरातील मुलास या विद्येने कोठवर नेले, हे पालकांनी पाहावे.

आता प्रवासाविषयी. गायक-वादकांच्या एका ताफ्याबरोबर आपला हा तरुण पुढील महिन्यात सहा आठवडे इंग्लंडच्या दौऱ्यावर निघत आहे. आपले सोपारे प्राचीन काळी शूर्पारक नावाचे बंदर होते. समुद्रापार जाणे या मातीस नवे नाही. १८८२ साली येथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाचे शब्द दगडाने दोन हजारांहून अधिक वर्षे जपले. ते वाचून दाखविणाऱ्याचा कंठ मात्र कोणी जपू शकले नाही. कंठ जपण्याची ही विद्या १८७७ साली एडिसनच्या फोनोग्राफने माणसाच्या हाती आली.

लंडनमध्ये ॲबी रोडचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ पाहण्याची त्याची मनीषा आहे. तेथील कथा ऐकण्यासारखी आहे. ॲलन ब्लुमलाइन नावाचा तरुण अभियंता आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असता त्यास खटकले, की नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडून! त्यातून त्याने दोन वाहिन्यांचा ध्वनी, म्हणजे आज ज्यास आपण स्टिरिओ म्हणतो, तो सिद्ध केला आणि डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४२ साली युद्धकार्यासाठी रडारची चाचणी घेत असता विमान कोसळून तो गेला, तेव्हा त्याचे वय अडतीस होते. जगातील कोट्यवधी घरांत त्याची विद्या वाजते, नाव मात्र क्वचितच निघते.

दौऱ्यात दर गावी सभागृह निराळे. हा तरुण दुपारी रिकाम्या दालनात उभा राहून टाळी वाजवितो आणि प्रतिध्वनी किती वेळ रेंगाळतो ते ऐकतो. रात्री श्रोते भरले, की त्यांची अंगे व वस्त्रे ध्वनी शोषून घेतात, आणि दुपारचे गुंजन निघून जाते. त्याचा अंदाज त्यास आधीच बांधावा लागतो. आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. व्यासपीठापासून ३४ मीटरांवर ध्वनिक्षेपक ठेवला, तर व्यासपीठावरचा आवाज तेथे सेकंदाच्या दहाव्या भागाने मागाहून पोहोचतो व श्रोत्यास प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागील ध्वनिक्षेपकास मुद्दाम तितका उशीर लावावा लागतो. ही कानाची आणि गणिताची दोहोंची परीक्षा होय.

संगीताविषयी त्याची मते ठाम आहेत. मोठा आवाज म्हणजे भरदार आवाज नव्हे, असे तो म्हणतो. त्याच्या मते गायकापूर्वी तानपुरा ऐकू आला पाहिजे. जमीनच दिसली नाही, तर इमारत कशी शोभेल? यंत्राने गळ्यातील प्रत्येक कंप सरळ करणे त्यास मान्य नाही. श्वास पुसला, की माणूस पुसला जातो. जुन्या तबकड्यांत तीन मिनिटांत राग मांडावा लागे, त्या संयमाचा तो भक्त आहे. आमच्या पिढीस नव्या मुलांना गाण्यातले कळत नाही असे वाटते. त्यांनी या मुलाशी घटकाभर बोलावे.

आणि आता थोडे आपल्या घरचे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सन २००० च्या नियमांनी घातली आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास, काही अपवाद सोडता, बंदी आहे. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला आठ तास सोसतो. दर तीन डेसिबलांनी ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपल्या वरातींत भिंतीएवढे ध्वनिक्षेपक उभे राहतात, तेव्हा कडेवरच्या तान्ह्या मुलाच्या कानाचा विचार कोण करतो? ज्याचे पोट आवाजावर चालते, तो तरुण आवाज कमी करा म्हणतो. त्याचे ऐकणे आपल्या हिताचे आहे.

म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र विनंती, की शिक्षणनिधीच्या यादीत ध्वनिमुद्रण, छायाचित्रण यांसारख्या विद्यांचा समावेश येत्या सर्वसाधारण सभेत करावा. मी स्वतः शालान्त परीक्षेपलीकडे शिकू शकलो नाही. परंतु पस्तीस वर्षे शाळेत मुले पाहिली, त्यावरून सांगतो, की प्रत्येक हुशारीस एकच दार पुरत नाही. पुढच्या मुलाच्या आईच्या पाटल्या तिच्या हातातच राहोत.

चिरंजीवा, निर्विघ्न जा, कान सांभाळ, आईला आठवड्यातून एकदा तरी फोन कर, आणि जे ऐकून येशील ते आम्हांस सांगावयास परत ये. इतके बोलून मी आपली रजा घेतो.