हाताला टेकू हवा
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘नोकरी, बढती, मुलांची लग्नं हे सोडून काहीही बोला’ अशी ताकीदही दिली आहे. तेव्हा मी माझ्या छंदाबद्दल बोलतो. मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो आणि दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. झाडावरच्या मचाणावर बसून, रिव्हॉल्वरने. कपाळाला आठ्या पडलेल्या मला इथून दिसताहेत, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. मिशिगनच्या दक्षिण भागातली गोष्ट वेगळी आहे. तिथले लांडगे शंभरेक वर्षांपूर्वीच संपले. उरली पांढऱ्या शेपटीची हरणं, मक्याची शेतं आणि मोटारी. राज्यात दर वर्षी मोटारी आणि हरणांच्या ५० हजारांहून जास्त टकरी नोंदल्या जातात. म्हणून सरकारच शिकारीचे परवाने देतं. बंदुकीचा मोसम १५ नोव्हेंबरला सुरू होतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. अंगावर भडक नारिंगी कपडा सक्तीचा. मांस विकायला बंदी. घरी खायचं किंवा दान करायचं. १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना परवान्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. म्हणजे आपल्या वर्गातल्या कुणाचीच परीक्षेतून सुटका नाही!

आता रिव्हॉल्वरच का? मी सुरुवात केली तेव्हा आमच्या दाट वस्तीच्या भागात लांब पल्ल्याच्या रायफलींना परवानगी नव्हती. शॉटगन आणि ठरावीक हँडगन चालत. पुढे माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि बारा बोअरचा धक्का सोसेना. तेव्हा मी ‘पॉइंट थ्री-फाइव्ह-सेव्हन’ रिव्हॉल्वर घेतलं. वाटलं, आटोपशीर आहे, मचाणावर वागवायला सोपं. वागवायला सोपं आहेच. नेम धरायला मात्र सगळ्यांत अवघड.

आपल्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना आठवेल, आपण पालथे पडून पॉइंट टू-टू रायफल चालवायचो. दोन्ही कोपरं जमिनीवर, दस्ता खांद्यात, गाल दस्त्यावर. रायफलीला दोन हात, खांदा आणि गाल असे चार आधार असतात. हँडगनला फक्त हात, आणि तेही हवेत पुढे ताणलेले.

इथे भूमितीच्या सरांचे समरूप त्रिकोण कामाला येतात. माझ्या रिव्हॉल्वरची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी यांच्यात साधारण २० सेंटिमीटर अंतर आहे. माशी एक मिलिमीटर हलली, तर ५० मीटरवर गोळी २५ सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते तिचा व्यास साधारण २० सेंटिमीटर. मध्यावर नेम धरला तर चूक चालणार फक्त १० सेंटिमीटरची. म्हणजे माशी अर्धा मिलिमीटर सरकली तरी हरीण मरत नाही, जखमी होऊन रानात जातं आणि तासन्‌तास तडफडतं. सगळा प्रश्न या अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

मी ज्याच्या शेतावर जातो त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘हात स्थिर करायला जाऊ नकोस. तो होत नाही. त्याला टेकव.’ जोंधळ्याच्या राखणीचा माळा आपल्यापैकी गावाकडच्यांनी पाहिला आहे. तिथलं मचाण तसंच, पण लोखंडी, शिडीचं, झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेलं. जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच. आणि त्यात टेकू भरपूर असतात, शोधायची दृष्टी हवी.

पहिला टेकू म्हणजे समोरचा आडवा कठडा. त्यावर जाकीट गुंडाळून ठेवायचं आणि त्यावर मनगटं टेकवायची. नळी टेकवायची नाही, कारण कडक वस्तूवर टेकलेली नळी धक्क्याबरोबर उसळते आणि गोळी वर जाते. दुसरं, रिव्हॉल्वरचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. गोळी सुटताना तिथून तापलेला वायू जोरात बाहेर येतो. आधाराच्या हाताची बोटं चक्राच्या पुढे गेली तर ती भाजतात, फाटतात. जाकिटाचं कापडही त्या फटीजवळ नको.

दुसरा टेकू आपलं स्वतःचं शरीर. पाठ खोडाला घट्ट लावायची, पाय पायरीवर घेऊन गुडघे उंच करायचे आणि दंडाचा मांसल भाग गुडघ्यांवर ठेवायचा. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर हाडावर हाड घसरतं.

तिसरा टेकू झाडाचा. हरीण बाजूने आलं तर डावा तळवा खोडावर दाबायचा, अंगठा बाहेर काढायचा आणि त्या बेचक्यात उजवं मनगट ठेवायचं. रिव्हॉल्वर सालीला लागू द्यायचं नाही.

एवढं करूनही माशी थोडी फिरतेच, आठचा आकडा काढत राहते. ती थांबण्याची वाट बघणारा शेवटी चाप खेचतो आणि नेम चुकवतो. फिरणं लहान झालं की अर्धा श्वास सोडून तिथे थांबायचं आणि चाप सरळ मागे हळूहळू दाबत न्यायचा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर बोट काढायचं, पुन्हा श्वास घ्यायचा. त्यापुढे डोळाही धूसर होतो आणि हातही जास्त कापतो.

आणि या सगळ्याच्या आधी, कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा. शिडीच्या पहिल्या पायरीपासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत तो दोराला अडकवलेला हवा. मचाणावरून पडून जायबंदी होणारे शिकारी थोडेथोडके नाहीत. रिव्हॉल्वर रिकामं करून खाली ठेवायचं, आपण वर बसलो की मग दोरीने ओढून घ्यायचं. मचाणाचा एक फायदा असा, की गोळी खालच्या दिशेने जाते आणि नेम हुकला तरी मातीत रुतते.

मित्रांनो, हे सगळं इतकं तपशिलात सांगतोय त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी चहाचा कप उचलताना माझा हात थरथरायला लागला. तुमच्यापैकी जे आमच्या घरी येत असत त्यांना माझ्या वडिलांचा हात आठवत असेल. बशीत चहा सांडायचा आणि ते हसून म्हणायचे, ‘बशीलाही थोडा लागतो.’ डॉक्टरांनी तपासून नाव सांगितलं, इसेन्शियल ट्रेमर. बऱ्याचदा घराण्यातून येतो. हात मांडीवर निवांत असतो तेव्हा काही नाही. उचलून पुढे धरला की कापतो. थंडी, कॉफी, जागरण आणि मनातली धडधड यांनी वाढतो. नोव्हेंबरच्या पहाटे, कॉफी पिऊन, हरीण समोर आल्यावर काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. त्यावर दिलं जाणारं एक औषध बीटा-ब्लॉकर गटातलं आहे आणि नेमबाजीच्या स्पर्धांत त्या गटाला बंदी आहे. मला ऑलिंपिकला जायचं नाही, तेव्हा मी ते घेतो. थरथर कमी होते, जात नाही.

मग मी एक नियम केला. ऑक्टोबरात मचाणाखाली २० सेंटिमीटरची कागदी ताटली लावायची. अंगात जाड जाकीट, पट्टा अडकवलेला, शिकारीत बसतो तसंच बसायचं आणि पाच गोळ्या. पाचही ताटलीत पडल्या तर ते अंतर माझं. चार पडल्या तर ते अंतर माझं नाही. सुरुवातीला माझं अंतर ५० मीटर होतं. मागच्या वर्षी ते ३० मीटरवर आलं, तेही टेकू असेल तर. टेकूशिवाय काहीच नाही.

मागच्या मोसमात तिसऱ्या दिवशी एक मोठा नर आला. आठ टोकांची शिंगं, अंतर २५ मीटर. पण तो उजवीकडे, मागच्या अंगाने आला. तिथे ना कठडा पोचत होता, ना खोड. वळून हात पुढे धरला तर माशी त्याच्या खांद्यापासून पोटापर्यंत फिरत होती. मी रिव्हॉल्वर खाली मांडीवर ठेवलं. तो मिनिटभर मक्याची खुंटं हुंगत उभा राहिला, मग ओढ्याकडे गेला. त्या वर्षी आमच्या फ्रीझरमध्ये मांस आलं नाही. बायको म्हणाली, ‘बरं झालं, जागा झाली.’ मला हळहळ वाटली, पण रात्री झोप मात्र लागली. जखमी हरणाचा माग काढत रात्रभर फिरलेले शिकारी मी पाहिले आहेत. त्यांना झोप लागत नाही.

शिकारीच्या नादातून मी शिकलो ते एवढंच. हात किती धीट आहे याला तिथे किंमत नाही. टेकू कुठे आहे आणि आपलं अंतर किती आहे हे ज्याला कळतं, त्यानेच चापावर बोट ठेवावं. आपल्या वयाला आता गुडघे, डोळे, कान सगळेच टेकू मागायला लागलेत. मागायला संकोच करू नये, असं मला वाटतं.

येत्या ऑक्टोबरात मी पुन्हा ताटली लावीन, या वेळी २० मीटरवर. पाच पडल्या तर नोव्हेंबरात जाईन. नाही पडल्या तर रिव्हॉल्वर परवाना असलेल्या दुकानात विकून टाकीन आणि त्याच मचाणावर दुर्बीण घेऊन बसेन. दुर्बिणीलाही कठडा लागतोच.