तवा कुणाचा, दोष कुणाचा?

(घरकामगार स्त्रिया आणि गृहिणी यांच्या एकत्र बैठकीतले भाषण)

हा तवा मी मुद्दाम घरून आणला आहे. नॉनस्टिक आहे, म्हणजे होता. मधला काळा लेप खरवडून खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं आहे. हे झालं तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर मी चिडले, त्यांच्या पगारातून दोनशे रुपये कापले. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही तारेची घासणी दिलीत, मी तीच वापरली." खरं होतं ते. तव्याबरोबरचा सूचनांचा कागद इंग्रजीत होता, आणि तो मी खणात ठेवून दिला होता. पैसे नंतर परत केले, पण बोललेले शब्द परत घेता आले नाहीत. म्हणून त्या कागदातलं आज आपल्या भाषेत सांगते.

हा लेप टेफ्लॉनचा. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो पदार्थ अपघाताने सापडला. पुढे १९५४च्या सुमारास फ्रान्समधला मार्क ग्रेगोआर हा इंजिनियर तो मासेमारीच्या सामानाला लावत होता. हाच लेप माझ्या तव्याला लाव, असं त्याच्या बायकोने, कोलेतने, सुचवलं असं सांगतात. नाव मात्र नवऱ्याचं झालं!

लेप अगदी पातळ असतो. म्हणून लाकडी उलथनं वापरायचं. तारेची घासणी, काथ्या, राख नको. मऊ स्पंज आणि साबण पुरे. गरम तवा नळाखाली धरला तर वाकतो, आधी निवू द्यायचा. एकावर एक भांडी ठेवताना मध्ये फडकं घालायचं.

सगळ्यांत महत्त्वाची आच. २६० अंश सेल्सियसच्या वर लेप बिघडू लागतो, ३५०च्या आसपास त्यातून विषारी वायू निघतात. मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांतच इतका तापतो. या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मेलेले आहेत, माणसाला थंडीताप भरतो. तेव्हा दाणे भाजायला, कडक फोडणीला, भाकरीला हा तवा नाही. त्यासाठी आपला लोखंडी किंवा बिडाचा तवाच बरा. धिरडी, घावन, ऑम्लेट मंद आचेवर खुशाल करा. लेपाचा एखादा कण पोटात गेला तर घाबरू नका, तो तसाच बाहेर पडतो. पण लेप सुटू लागला की तवा बदलायचा.

आता या तव्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बायकांबद्दल. टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचं रसायन वापरलं जाई. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँ कंपनीचा कारखाना होता. १९८१ साली तिथल्या गरोदर कामगार स्त्रियांपैकी दोघींच्या बाळांमध्ये डोळ्यांशी संबंधित व्यंग आढळलं. कंपनीने स्त्रियांना त्या विभागातून हलवलं. रसायन मात्र चालूच ठेवलं, आणि ते आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. गावकरी कोर्टात गेले. त्यातून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध दाखवला. २०१९ साली स्टॉकहोम करारात त्याच्यावर जागतिक बंदी ठरली, २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. आज डब्यावर 'पीएफओए-मुक्त' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तव्याला टेफ्लॉन नाही असा नव्हे. आच आणि घासणी यांचे नियम तेच राहतात.

बनवणारीला रसायनाचा धोका सांगितला नाही, घासणारीला तव्याचे नियम सांगितले नाहीत. नुकसान मात्र दोघींच्या माथी. मधल्या आम्ही गृहिणी निदान आपल्यापुरतं एवढं करू शकतो: नवा तवा आणला की घासणाऱ्या बाईला नियम सांगू, मऊ घासणी आपण आणून देऊ, आणि तवा खराब झाला म्हणून कुणाचा पगार कापणार नाही. ते नियम घरातल्या पुरुषांनाही सांगू. कारण मैत्रिणींनो, आमच्या तव्यावरचा पहिला ओरखडा मावशींचा नव्हताच. तो रविवारी स्टीलच्या चमच्याने ऑम्लेट उलटणाऱ्या आमच्या ह्यांचा होता, आणि त्यांना मी एका शब्दाने बोलले नव्हते.