विलायती मोटार परमुलखात

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी मोटार भोर तालुक्यातील सारोळे मागे टाकते आणि नीरेच्या पुलावर चढते. पूल सरला की पुणे जिल्हा सरतो. पण मोटार हाकणाऱ्यास त्याची दखलही घ्यावी लागत नाही. पुढे कागल ओलांडून कर्नाटकात शिरले तरी पुण्याचा परवाना तोच, 'एमएच १२' हा क्रमांक तोच, विमा तोच, आणि रस्त्याची बाजूही डावीच. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवावयाची असेल तरच तेथील नव्या नोंदणीचा प्रश्न उद्भवतो.

अशा सवयीत वाढलेले एखादे मराठी कुटुंब विलायतेस राहते, तेथे मोटार घेते आणि सुटीत फ्रान्सकडे जावयाचे ठरविते. गावाकडून वडीलही आलेले असतात. डोव्हर आणि कॅले यांमधील पाणी थोडेच. पण पैलतीरी उतरताच रस्त्याची बाजू बदलते आणि कायदाही बदलतो.

प्रथम कागदांचे पाहू. हाकणाऱ्याचा परवाना, गाडीच्या नोंदणीचे मूळ पुस्तक, विम्याचे प्रमाणपत्र आणि प्रत्येकाचे पारपत्र, एवढे जवळ हवेच. गाडीच्या पाठीवर देशाची खूण लागते. पूर्वी ती 'जीबी' होती; २८ सप्टेंबर २०२१ पासून 'यूके' झाली. जुनी खूण तशीच ठेवून निघणारे अजून भेटतात! क्रमांकाच्या पाटीवरच ध्वजासह 'यूके' असेल तर बहुतेक देशांत तेवढ्यावर भागते. स्पेनमध्ये मात्र वेगळी चिकटपट्टी लावावीच लागते.

विम्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. युरोपीय संघाच्या देशांत विम्याचे हिरवे कार्ड २ ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही. परंतु घरी संपूर्ण संरक्षण देणारा विमा परदेशी केवळ दुसऱ्याच्या हानीपुरता उरतो, असे पुष्कळदा घडते. तेव्हा करारपत्र निघण्यापूर्वीच वाचावे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे विमा गाडीच्या मागे चालतो. मालकाच्या संमतीने परवानाधारक कोणीही ती हाकू शकतो. विलायतेत विमा सामान्यतः नावे घातलेल्या माणसांपुरताच असतो. चाळीस वर्षे निर्धोक मोटार हाकलेल्या वडिलांचे नाव त्यात नसेल, तर मुलगा थकला म्हणून त्यांनी चाक हाती घेणे म्हणजे विम्यावाचून गाडी चालविणेच होय. नाव घातले तरी फ्रान्ससाठी त्यांच्याजवळ आंतरराष्ट्रीय परवाना असावा. तो पुण्याच्या परिवहन कार्यालयातून, भारत सोडण्यापूर्वीच काढावयाचा असतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते.

युरोपाबाहेर मजल गेली की कागदांचा भार आणखी वाढतो. २०१६ साली भारुलता कांबळे विलायतेहून मोटार हाकीत महाडास आल्या. महाड म्हणजे भोरच्या पलीकडे, वरंधा घाटाच्या पायथ्याशी. परदेशची गाडी तात्पुरती भारतात आणावयाची तर 'कार्ने' नावाचे पुस्तक लागते. गाडी विकली जाणार नाही, ती परत जाईल, अशी ती जकात खात्यास दिलेली हमी होय.

आता दिव्यांविषयी. डावीकडून चालणाऱ्या गाडीच्या मंद झोताचा एक भाग मुद्दाम डावीकडे उंच ठेवलेला असतो, म्हणजे कडेचा पादचारी आणि पाटी दिसावी. तीच गाडी उजवीकडून चालू लागली की तो उंच भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून काचेवर ठरावीक जागी आडपट्ट्या चिकटवितात. नव्या दिव्यांत ही सोय आतूनच करता येते; कशी, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. हे काम रात्री बंदरावर चाचपडत करण्याचे नव्हे.

फ्रान्समध्ये लाल त्रिकोण आणि चकाकणारे जाकीट बाळगावे लागते. जाकीट सामानाच्या कप्प्यात नको, हाताशी हवे. कारण बिघाड झाल्यास ते अंगात घालूनच खाली उतरावयाचे असते. हा नियम कोणास जाचक वाटेल, पण भरधाव रस्त्यावर अंधारात उभे राहिलेला माणूस तसे म्हणणार नाही. जर्मनीत अनेक शहरांच्या मध्यभागी धुराच्या प्रतीची हिरवी चिकटपट्टी लागते. ती आधीच मागवावी.

मग विम्यात नाव नसलेल्या वडिलांनी काय करावे? विलायती गाडीचे चाक उजवीकडे, म्हणजे तिकडे रस्त्याच्या कडेला. पुढील मालमोटार ओलांडताना हाकणाऱ्यास समोरचे काही दिसत नाही. डावीकडे बसलेल्यास मात्र सारा रस्ता मोकळा दिसतो. तेव्हा वडिलांनी तेथे बसावे, आणि 'थांब' किंवा 'काढ' एवढेच सांगावे.