लाटणं कुठल्या लाकडाचं?

(सुगीच्या सणाच्या विक्रीआधी मंडळीत केलेलं भाषण)



पाड्यांवरून आलेली लाटणी, पोळपाट, रव्या आपण विक्रीला मांडतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "साग आहे का हो?" आणि "हो" म्हणायचा मोह होतो. बाजारात तर ते सर्रास चालतं. आंब्याच्या पोळपाटाला काळपट रंग दिला की तो शिसवी होतो, भाव चढतो. बनवणाऱ्याच्या हातात मात्र आंब्याचेच पैसे पडतात. म्हणून आज लाकूड ओळखण्याबद्दल बोलायचं आहे. आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला, पण तो विषय पाळकसाहेबांकडेच राहू द्या.

वस्तू आधी उलटी करा. खालच्या बाजूला पॉलिश पेपर दोनदा फिरवा. आत फिकट लाकूड दिसलं, तर वरचा रंग डब्यातला. मग वास घ्या. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो, भुसा बोटांना जरा तेलकट लागतो. शेवटी लाटण्याचं टोक पाहा. ब्लेडने पातळ चकती उतरवा, थोडं पाणी लावा आणि भिंगाखाली धरा. सागात मोठी छिद्रं वर्षाच्या वलयाला धरून ओळीने दिसतात, आंब्यात ती विखुरलेली असतात. बाभूळ जड आणि आतून तांबूस. हेदू पिवळसर, बारीक पोताचा. पांगारा इतका हलका की लाटण्याच्या कामाचाच नाही.

मॉलमधलं फिकट, बोटांत बोटं अडकवल्यासारखे तुकडे जोडलेलं लाकूड बहुधा रबराच्या झाडाचं असतं. चीक कमी झालेली झाडं तोडून ते करतात. लाकूड वाईट नाही, फक्त ते आपल्या जंगलातलं नाही.

पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना हे भिंगाशिवाय कळतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, गाडीच्या चाकाला बाभूळ, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. लेबल लिहिताना आपणच त्यांना विचारत नाही.

आणि सागाच्या लाकडाच्या वाहतुकीला वनखात्याचा पास लागतो. आंब्याच्या वस्तूंच्या गोणीवर 'सागवान' लिहून आपण एखाद्या बाईला एसटीत बसवलं आणि नाक्यावर कुणी हटकलं, तर उत्तर तिला द्यावं लागेल, आपल्याला नाही.

डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था इथे नमुना तपासून मिळतो, पण लाटण्यासाठी तेवढा खटाटोप कोण करणार? ओळख पटली तर 'आंबा', 'बाभूळ' असं लिहा. नाही पटली तर 'गावचं लाकूड' लिहा आणि बनवणाऱ्या गटाचं नाव.

येत्या रविवारी उपासनेनंतर लेबलं लिहायला बसू. स्टॉलवर दोन भिंगं आणि पॉलिश पेपर ठेवणार आहोत. गिऱ्हाइकाने मागितलं तर द्या, त्याला स्वतः पाहू दे.