पायात चाळ कोणी बांधले?

(मोडनिंब येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘लहान मुले, नृत्य आणि पालक’ हा विषय संयोजकांनी मला दिला, आणि तो मोडनिंबमध्ये मांडायचा आहे, याला मी योगायोग मानत नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या माणसाला मोडनिंब ठाऊक असते ते लावणीच्या कलाकेंद्रांमुळे. आपल्यासारख्या पांढरपेशा घरांना ही ओळख थोडी अवघड वाटते, हे मी जाणतो. पण मुलांच्या नाचाविषयी बोलायचे आणि त्या ओळखीकडे पाठ फिरवायची, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. लहान मुलीच्या पायात तिच्याच माणसांनी चाळ बांधले की काय होते, याची साक्ष आपल्याच जिल्ह्याने दिलेली आहे.

डॉ. किशोर शांताबाई काळे करमाळा तालुक्यातले. त्यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र हादरला. आईला शाळेची गोडी होती. परंतु तिच्या वडिलांनी तिला नाचाकडे वळवले. तिच्या कमाईवर घरातील धडधाकट पुरुष बसून खात होते. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव नव्हते, म्हणून त्याने आईचे नाव अभिमानाने लावले. तो मुलगा शिकला, डॉक्टर झाला. २००७ साली एका अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मागे उरला आहे. कसरतींत निष्णात असलेल्या, लावणी जिवंत ठेवणाऱ्या या समाजाला बोल लावण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्या मुलींपुढे दारिद्र्य उभे होते आणि आपण मंडळी तिकीट काढून समोर बसलो होतो.

ते पुस्तक वाचताना मी संतापलो होतो. मुलीला विचारल्याशिवाय तिचे आयुष्य ठरवणारी ही माणसे तरी कशी, असे मी चार ठिकाणी बोललो आणि लिहिलेही. त्याच काळात माझ्या घरात काय चालले होते, ते आज पहिल्यांदाच जाहीरपणे सांगतो.

माझ्या बहिणीची मुलगी पाचव्या वर्षापासून कथक शिकत होती. गुणी होती. घरात रेडिओ लागला की आपली आपण गिरक्या घ्यायची. मी तिचा मामा, त्यातून पत्रकार. ओळखीपाळखी वापरून मी तिला एकेका कार्यक्रमात उभे केले. तिचे छायाचित्र छापून आणले. स्पर्धेचे अर्ज मी भरले, पोशाखाचे पैसे आजीने दिले, गाणे आत्याने निवडले. परीक्षा, स्पर्धा, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन; एक सुट्टी मोकळी राहिली नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तिला ताप येऊ लागला. “स्टेजवर गेली की उतरेल,” असे मी म्हणत असे. एकदा दुसरा क्रमांक आला, तेव्हा परीक्षकांशी वाद घालायला आम्ही तिघे मोठे धावलो. ती तिथेच, मेकअप न पुसता, खुर्चीवर झोपून गेली होती.

अकराव्या वर्षी तिने घुंगरू कपाटात ठेवले, ते कायमचे. आम्ही तिला आळशी म्हटले. आज ती संसारात आहे. मागच्या दिवाळीत मी सहज विचारले, “का गं सोडलंस तेव्हा?” ती शांतपणे म्हणाली, “मामा, मला नाच फार आवडायचा. पण तो तुम्ही सगळ्यांनी तुमचा करून टाकला. माझ्याकडे काही उरलंच नाही.”

बंधू-भगिनींनो, त्या मुलींचे दुःख आणि माझ्या भाचीचे दुःख एका तराजूत घालण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तिला उपाशी राहावे लागले नाही, तिची अब्रू पणाला लागली नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. नाचायचे कोणी हे ठरले, कोठे, किती, कोणासमोर हे सर्व ठरले. फक्त जिचे पाय होते तिला कोणी विचारले नाही. तेथे घराला पैसा हवा होता, येथे आम्हाला मान हवा होता.

एके काळी याच्या उलट घडत असे. पंडिता रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलीने नाचणे हेच अनेकांना पसंत नव्हते. तेव्हा नातेवाईक वाट अडवीत; आज तेच नातेवाईक पाठीमागून ढकलतात. मुलीचे म्हणणे ऐकण्याची तसदी तेव्हाही घेतली जात नव्हती आणि आजही घेतली जात नाही.

आपल्या परंपरेने कलेला साधना म्हटले आहे. भरतनाट्यममध्ये रंगमंचावर पहिले पूर्ण सादरीकरण केव्हा करायचे, हे गुरू ठरवतात आणि त्याआधी काही वर्षे जातात. आज चौथ्या महिन्यात मोबाईलवर चित्रफीत फिरते आणि किती जणांनी पाहिली हे काका मोजत बसतात. प्रेमप्रकरणाची, मादक गाणी सहा वर्षांच्या मुलीला शिकवली जातात आणि तिच्या हावभावांवर घरचेच हसतात. हे इतके वाढले की जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांना सूचना द्यावी लागली, की नृत्यस्पर्धांत लहान मुलांना अशोभनीय रीतीने दाखवू नका.

कायदाही आहे. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार पडद्यावर काम करणाऱ्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक राबवता येत नाही. त्याच्या कमाईतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही. मुलाच्या ‘नाही’ला कायद्याने किंमत दिली. ती किंमत आपल्या दिवाणखान्यात आहे का?

माझी विनंती साधी आहे. पाहुणे आले की “नाचून दाखव” म्हणू नका. निदान पहिली काही वर्षे स्पर्धेचे नाव काढू नका. शिकणे पुरेसे आहे. गाणे निवडताना त्याचा अर्थ आपण मुलाला मोकळेपणाने सांगू शकू का, एवढे पाहा. आणि वर्षातून एकदा, वर्गाची फी भरण्यापूर्वी, आजी-आत्या-मामा कोणी जवळ नसताना मुलाला विचारा, “पुढे शिकायचंय का?” उत्तर ‘नाही’ आले, तर रागावू नका. ‘हो’ आले, तर त्याच्या मागे उभे राहा, पुढे नव्हे.

आणखी एक. स्नेहसंमेलनात आपली मुलगी लावणीवर नाचली की आपण टाळ्या वाजवतो. मात्र महामार्गावरच्या कलाकेंद्रात तीच लावणी जन्मभर जपणाऱ्या बाईचे नाव घेताना आवाज खाली आणतो. तिची लेक आपल्या मुलांच्या वर्गात बसत असेल. तिला कोणी “तू नाचून दाखव” असे चिडवणार नाही, याची काळजी या गावाने घेतली, तर डॉ. काळे यांचे ऋण थोडे तरी फिटेल.

भाचीचे घुंगरू अजून बहिणीच्या कपाटात आहेत. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे. परवा तिने ते बाहेर काढून वाजवून पाहिले. मी काही बोललो नाही. एवढे शिकायला मला पंचवीस वर्षे लागली. आपल्याला इतका वेळ लागू नये, म्हणून हे सांगितले.